उंबरठ्याबाहेरचा धनको

घेतलेले ऋण फेडणे हे कर्तव्य होय, याविषयी आपणांत दुमत नाही. मग गृहकर्जाचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली आणि कुटुंबाने वकील केला, तर ती त्या कर्तव्यातून काढलेली पळवाट ठरते काय? हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा उघडपणे विचारला जात नाही. नोटीस कपाटात जाते आणि लोकलज्जेपायी मुदत सरते.

बायबलमधील अनुवादाच्या २४ व्या अध्यायात एक मार्मिक नियम आहे. गहाणवस्तू आणण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये; बाहेर उभे राहावे, ऋणकोनेच ती बाहेर आणून द्यावी. कर्ज बुडवण्याची ही मुभा नव्हे. परंतु देणे लागणाऱ्याचीही प्रतिष्ठा असते आणि वसुलीला मर्यादा असते, हे त्यातून स्पष्ट होते. वकिलाचे काम, माझ्या मते, त्या उंबरठ्यावरचे आहे.

२००२ च्या सरफेसी कायद्याने दिवाणी दावा न लावता तारण घराचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना दिला. तरीही कलम १३ खालील मागणीची नोटीस ६० दिवसांचा अवधी देते. त्या काळात लेखी हरकत घेतल्यास, ती अमान्य करण्याची कारणे बँकेने १५ दिवसांत कळवावी लागतात. हा हक्क झगडून मिळालेला आहे. मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कायदा मुख्यत्वे वैध ठरवला, पण हरकतीचा विचार झालाच पाहिजे असे बजावले. त्यानंतर संसदेने तशी तरतूद केली. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सर्व येणे भरून घर सोडवण्याचा हक्क मात्र लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. उशिरा गाठलेल्या निष्णात वकिलाचेही हात त्यामुळे बांधलेले असतात.

वकील निवडताना त्याची सनद विचारण्यात संकोच कसला? 'घर वाचवले तर इतके टक्के' असा सौदा करणाऱ्यापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. कर्जाच्या कागदांवर पत्नीचीही सही असते, तेव्हा ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

उरतो तो सद्सद्विवेकाचा भाग. व्याजाची आकारणी तपासून घेणे, मुदत मागणे, लिलावापूर्वी स्वतः गिऱ्हाईक आणून वाजवी भावात घर विकण्याची परवानगी मागणे, यांत काहीही गैर नाही. ताबा लांबवण्यासाठी खोटा भाडेकरू उभा करणे हे मात्र असत्यच, मग तो सल्ला काळ्या कोटातून आलेला का असेना. अन्याय्य पक्ष जाणूनबुजून लढवणारा वकील पाप करतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिले. रास्त मोबदला घेण्यास त्यांची हरकत नव्हती. खटला चालू असताना आपली बाजू न्याय्य नाही असे वकिलाच्या ध्यानात आले तर? त्याने काम सोडावे, किंवा अशिलाला माघार घेण्यास अथवा तडजोडीस प्रवृत्त करावे, असेही ते सांगतात. 'घर विका आणि उरलेले पैसे घेऊन लहान जागेत जा' असे सांगणारा वकील आपल्याला फितूर झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यानेच कागद नीट वाचलेले असण्याचा संभव असतो.