लाज आणि भय

आपल्या घरांतून दोन उद्गार पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहेत. मुलगी पाहुण्यांसमोर गप्प राहिली, की ‘मोठी शालीन आहे हो’. मुलगा गप्प राहिला, की ‘तोंडात जीभ नाही का तुझ्या?’ दोघांच्या छातीतली धडधड एकच असू शकते, हे आम्ही क्वचितच ध्यानात घेतो.

आम्ही येथे साध्या भिडस्तपणाविषयी बोलत नाही. लोक आपल्याला जोखत आहेत, आपले हसे होणार, या धास्तीने चारचौघांत जेवणे किंवा सभेत नाव सांगणेही ज्यांना अशक्य होते, त्यांचा हा प्रश्न आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या व्याधीला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. समाजात केलेल्या पाहण्यांत ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते. उपचारासाठी येणाऱ्यांत मात्र पुरुष बरोबरीने, कधी अधिकही असतात. पुरुषाची भीती नोकरीच्या मुलाखतीत अडते म्हणून दिसते. स्त्रीची भीती गुण म्हणून वाखाणली जाते आणि घरातच मुरते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

आधाराचेही तसेच आहे. स्त्रीला माहेर आहे, शेजार आहे, भिशी आणि हळदीकुंकू आहे, असे आपण म्हणतो. पण जिला चार बायकांत बसण्याचीच धास्ती, तिच्यासाठी आधाराची वाट नेमकी भयाच्या दारातून जाते. पुरुषाला पुष्कळदा पत्नी हा एकच आधार असतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे सारे बोलणे त्यांच्या पत्नीच बोलत. लग्नकार्याला त्या एकट्या जात. ‘ह्यांना गर्दी सोसत नाही’ म्हणून हसून सांगत. त्या निवर्तल्या, तेव्हा कळले की बँकेतल्या कारकुनाशी बोलतानाही गृहस्थांना घाम फुटतो. बाईंनी किती सांभाळले, असे आम्ही सांत्वनाला गेल्यावर म्हणालो. बाईंना कोणी सांभाळले, हे आम्ही विचारले नव्हते.

दुसऱ्याच्या वतीने आयुष्यभर बोलणे हे साहाय्य, की प्रेमाने लावलेली कडी? गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत ‘ह्री’, म्हणजे लज्जा, आहे खरी. पण त्या यादीचा आरंभ ‘अभया’ने होतो. आणि एक गुण स्त्रियांचा, दुसरा पुरुषांचा, अशी वाटणी तेथे नाही. ती आम्ही केली. अनुचित कृत्याची लाज वाटणे हा गुण खरा; माणसांसमोर उभे राहण्याचीच भीती हा गुण नव्हे. तिला शालीनता म्हटल्याने मुलीचा उपचार टळतो, बावळटपणा म्हटल्याने मुलाचा.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. परंतु ज्याला फोनचीच भीती, त्याच्याजवळ पहिल्या वेळी कोणीतरी बसावे लागते. आमच्या मते खरा आधार एवढाच: शेजारी बसावे, क्रमांक त्याला फिरवू द्यावा, आणि तो अडखळला तरी वाक्य आपण पुरे करू नये. पुढच्या बैठकीत कोपऱ्यातल्या खुर्चीवरची सूनबाई किंवा दाराशी घुटमळणारा तरुण दिसला, तर आम्ही येथूनच आरंभ करू.