निवड न झालेल्याचं काय?

थालीपीठं खाऊन तो मुलगा बूट घालायला पायरीवर बसला. १५ नंबरचे बूट. एकेका बुटात माझ्या दोन्ही चपला मावल्या असत्या. वय १७, उंची ६ फूट ८ इंच, आणि दोन्ही गुडघ्यांना मघापर्यंत बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. माझा भाचा न्यू जर्सीत शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो, त्याचा हा विद्यार्थी. दार लागलं तसं भाच्यानं विचारलं,

"मामा, तुला काय वाटतं? यानं कॉलेजात जावं, की थेट पैसे देणाऱ्या लीगमध्ये?"

"हे मला विचारतोस? ३४ वर्षं कॉलेजात गणित शिकवलंय मी. शिक्षण सोड म्हणून सांगेन होय?"

"शिक्षण कसलं, ते तरी बघ. २००५ च्या करारात एनबीएनं, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक लीगनं, वयाची अट घातली. संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या वर्षी पोरगा १९ चा हवा, आणि त्याच्या बरोबरीची मुलं शाळेतून बाहेर पडून वर्ष झालेलं हवं. त्याआधी कोबी ब्रायंट १९९६ मध्ये, लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून सरळ तिकडेच गेले. अट आल्यावर गुणी पोरं एका वर्षापुरती कॉलेजात जायला लागली. जूनमध्ये आपलं नाव पुकारलं जाणार हे ज्याला माहीत आहे, तो मार्चमध्ये पुस्तक उघडेल?"

"एक वर्ष तर एक वर्ष. काहीतरी कानावर पडतंच."

"आणि अंगावर काय पडतं? २० फेब्रुवारी २०१९, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, कॉलेजांचा सामना. प्रेक्षकांत ओबामा बसलेले. पहिल्याच मिनिटात ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट फाटला आणि गुडघा पिरगळला. तिकिटं हजारो डॉलरला गेलेली. टीव्हीवाले, विद्यापीठ, बूटवाले, प्रशिक्षक, सगळ्यांचं भागत होतं. गुडघा ज्याचा, त्याला मात्र शिष्यवृत्ती, पगार नाही. दुखापत किरकोळ निघाली म्हणून त्या जूनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पण मला त्या रात्री झोप आली नाही, मामा. त्याच्या जागी मला माझी पोरं दिसत होती."

मी गप्प झालो. कॉलेजची बाजू घ्यायला माझ्याजवळ शब्द होते, पण त्या गुडघ्यापुढे ते काढवेनात.

"मग बाहेरच्या वाटा कशा आहेत?" मी विचारलं.

"ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये रोमला जाऊन खेळला, पुढच्या वर्षी दहावा निवडला गेला. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात खेळला, २०२० मध्ये तिसरा. एनबीएनं स्वतः इग्नाइट नावाचा संघ काढला. त्यातला जेलन ग्रीन २०२१ मध्ये दुसरा. आपल्या पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही त्या संघात होता."

"निकाल लागला की क्लासवाले पेपरात फोटो छापतात ना, तसं चाललंय तुझं. ज्यांचे फोटो छापले नाहीत, ती पोरं कुठं गेली?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लेनी कूक. इथून जवळच टीनेकला २००१ च्या उन्हाळ्यात शिबिर होतं. तेव्हा देशातल्या अव्वल शाळकरी खेळाडूंत त्याचं नाव घेतलं जायचं. तिथं लेब्रॉननं त्याच्याविरुद्ध शेवटचा बास्केट टाकून सामना काढला. पुढच्या वर्षी कूकनं ड्राफ्टमध्ये नाव दिलं. कुणीच घेतलं नाही. कॉलेजचं दारही बंद झालं."

"आता माझा हिशोब ऐक. कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत कॉलेजं किती?"

"साडेतीनशेच्या वर."

"संघात १३ धरले तरी साडेचार हजार पोरं झाली. ड्राफ्टमध्ये जास्तीत जास्त ६० नावं, त्यातलीही काही परदेशातली. म्हणजे कुठल्याही वाटेनं जा, बहुतेकांची निवड होणारच नाही. मग वाट जोखायची ती न निवडलेल्याचं पुढे काय होतं, यावरून."

"अटलांटात २०२१ मध्ये ओव्हरटाइम एलिट नावाची लीग सुरू झाली, तिनं याचा विचार केला होता. वर्षाला किमान एक लाख डॉलर पगार. आणि पोरगा व्यावसायिक खेळाडू झालाच नाही, तर शिक्षणासाठी आणखी एक लाख."

"हे मला पटलं. कॉलेजवाले काय देतात?"

"आता पुष्कळ देतात. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजंच उत्पन्नातला वाटा देतात, एकेका कॉलेजला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपासची मर्यादा आहे. पोरांचा ओढा परत कॉलेजकडे वळला आणि इग्नाइट २०२४ मध्ये बंद पडला."

"म्हणजे तुझा पेच सुटला."

"सुटला कुठं? तेव्हा एका बाजूला शिकणं होतं, दुसऱ्या बाजूला पैसा. आता कॉलेजच बोली लावतं. जास्त मिळालं की पोरगं दुसऱ्या वर्षी दुसरीकडे, तिसऱ्या वर्षी तिसरीकडे."

"आणि आधी केलेले विषय तिकडे धरतात?"

"सगळे नाही धरत."

हे ऐकून मात्र मला राहवेना. तीन वर्षं अंग मोडून खेळायचं, तीन कॉलेजांचे शर्ट घालायचे, आणि पदवी अर्धीच राहायची. पैसे मिळाले हे बरंच झालं, ते त्याच्या घामाचे आहेत. पण पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, असं कॉलेजनं समजावं?

"त्याला सांग, सही करायच्या आधी लिहून घे. गुडघा गेला तर शिष्यवृत्ती राहणार का? मध्येच शिक्षण सुटलं तर तिशीत परत येऊन पूर्ण करता येईल का? खर्च कोण करणार?"

भाचा चिडला. "१७ वर्षांच्या पोराला पडण्याचा कागद दाखवू? उद्या कोर्टवर उतरताना त्याच्या डोक्यात तेच राहील. आपण निवडलेच जाणार, या धुंदीवर तर ही पोरं पहाटे पाचला उठतात."

"निवडला गेला तरी काय? पंजाबच्याच सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसच्या संघानं ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या हंगामात एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तूच सांगितलं होतंस मला."

"सांगितलं होतं. आणि त्याच्या बल्लो के गावात त्या दिवशी काय आनंद झाला असेल, तेही खोटं नाही, मामा. तो दिवस मी याच्याकडून काढून घेऊ?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. धुंदी नको असं म्हणायला मी कोण? आपल्या विषयाची धुंदी असलेले विद्यार्थीच मी आयुष्यभर शोधले.

"पोराला दाखवू नकोस," मी म्हणालो, "पण कुणीतरी मोठ्या माणसानं तो कागद वाचलेला असायला हवा. त्याला धुंदीत राहू दे. तू शुद्धीवर राहा."

सिंकमध्ये बर्फाच्या पिशव्या वितळून पडल्या होत्या. त्या उचलून भाच्यानं पाणी ओतून दिलं, हात पुसले आणि फ्रीजवरची वही खाली काढली.

"रविवारी त्याची आई येणार आहे, रात्रपाळी करून. सांग, पहिला प्रश्न कोणता लिहू?"

"गुडघ्याचा," मी म्हणालो.