उभयतांचा वानप्रस्थ

गृहस्थाश्रमाची कर्तव्ये बहुतांशी पार पडली, मुले आपापल्या संसाराला लागली आणि महाराष्ट्रातील बहुतेक सरकारी नोकरांप्रमाणे वयाच्या ५८व्या वर्षी दप्तरावर सही करण्याचा अखत्यारही संपुष्टात आला, म्हणजे हाती उरलेल्या आयुष्याचे काय करावे, या प्रश्नाला मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे: अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, की वनाची वाट धरावी. परंतु त्याच ठिकाणी पत्नीविषयी जे सांगितले आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तिला पुत्रांच्या हवाली करावे किंवा तिच्यासह जावे, असे दोन पर्याय शास्त्रकाराने ठेवले आहेत. पहिल्यात पत्नी ही मागे ठेवून जाण्याची ठेव ठरते; दुसऱ्यात निवृत्ती हीच दोघांची मिळून एक साधना होते, आणि मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या पर्यायाविषयी.

निवृत्ती जवळ आली असता माझी पत्नी व मी डहाणूस एका वृद्ध तांडेलाच्या देखरेखीखाली लहानशी शिडाची होडी चालविण्यास शिकू लागलो, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी खिन्न होऊन विचारले, "या वयात नामस्मरण करायचे, की दर्यावर खेळत बसायचे?" त्यांच्या विचारण्यात रोष नव्हता, आमच्या कल्याणाची काळजी होती, आणि म्हणूनच त्याचे उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची, म्हणजे पूर्वी विहित असूनही कलियुगात टाळावयाच्या आचारांची, विस्तृत चर्चा केली आहे. निबंधकारांनी पुराणाधारे दिलेल्या त्या वर्ज्य आचारांत समुद्रयात्रा केलेल्या द्विजाचा स्वीकार आणि वानप्रस्थाश्रम ही दोन्ही जवळजवळ बसलेली आहेत. घराबाहेरचे वन आणि घराबाहेरचे पाणी यांच्या वाटा जणू एकाच हुकमाने बंद झाल्या. या मनाईचा परिणाम असा झाला, असे मला वाटते, की वृद्ध गृहस्थ घरातच राहिला. ओठांवर हरिनाम आले, पण कमरेच्या किल्ल्या सुटल्या नाहीत, आणि सुनांवर, मुलांवर, विशेषतः पत्नीवर त्याचा अंमल अखेरच्या श्वासापर्यंत चालू राहिला. वनात जाण्याचे रहस्य वृक्षांत नव्हते. जेथे आपला हुकूम चालत नाही अशा ठिकाणी जाऊन राहणे, हे ते रहस्य होते. आणि असे ठिकाण डहाणूस तिसऱ्या प्रहरी बंदरापासून थोड्याच अंतरावर सापडते.

खाडीतले पाणी ओहोटीला ओसरले की होड्या चिखलावर टेकतात, तेव्हा निघण्याची वेळ आपण ठरवीत नाही, भरती ठरविते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दिवस चढल्यावर समुद्राकडून खारा वारा येतो, आणि या दोहोंपैकी कोणाचेही मन वळविता येत नाही. वाऱ्याच्या थेट तोंडावर शीड चालत नाही. कधी या अंगाने, कधी त्या अंगाने तिरपे जात पुढे सरकावे लागते, आणि प्रत्येक वळणावर दोघांनीही वाकून आपली जागा बदलावी लागते. वाऱ्याचा झोत अकस्मात येऊन होडी कलली, म्हणजे शिडाची दोरी अधिकच घट्ट आवळावी अशी उपजत बुद्धी होते. उपाय नेमका उलट आहे: दोरी सैल सोडावी, म्हणजे होडी आपोआप सावरते. मात्र त्याच क्षणी सुकाणूही सोडले, तर ती भलतीकडे भरकटते. वैराग्य म्हणजे सारे टाकून बसणे नव्हे, काय धरावे आणि काय सोडावे याचा विवेक, हे ग्रंथांतून अनेकदा वाचले होते. येथे ते तळहाताला समजले. संसारात सुकाणू ज्याच्या हाती असावे असे रूढीने ठरवून टाकले होते, त्याने पाण्यावर दोरी धरून बसावे, आणि जिचे मत विचारण्याची पद्धत नव्हती तिच्या एका शब्दासरशी ती सोडावी, ही साधना जपमाळेहून कठीण आहे, असे मी पूर्ण श्रद्धेने म्हणतो.

दोघांनी मिळून नौका चालविण्याचा एक दाखला देतो: इंग्लंडच्या एरिक व सुसान हिसकॉक या दांपत्याने १९५२ ते १९५५ या काळात अवघ्या तीस फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिक यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. अशा प्रवासात कोण कोणाच्या आधारे चालले, याचा हिशेब मांडणे व्यर्थ होय.

आणि नामस्मरणाचे म्हणाल, तर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाची साक्ष मी काढीन. भक्तांना संसारसागरातून तारून नेणाऱ्या भगवंताचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी त्याला नामांच्या नावा सजविणारा तारू केले आहे. जे एकटे दिसले त्यांना त्याने ध्यानाच्या कासेला लावले, आणि जे परिवारासह होते त्यांना तराफ्यावर घातले. परिवार बुडवून या, मग पार नेतो, असे तो म्हणत नाही. शके १२१२ मध्ये एका आजन्म ब्रह्मचाऱ्याने गृहस्थांविषयी दाखविलेली ही करुणा मला मनुस्मृतीतल्या त्या दुसऱ्या पर्यायाचे खरे भाष्य वाटते.

तथापि या विवेचनाला एक बाजू अशी आहे, की ती टाळून पुढे जाणे अधर्म होईल. ज्याला आपण निवृत्ती म्हणतो ती मुळात कोणाला मिळते? मांगेला तांडेल शरीर चालते तोवर दर्यावर जातो. समुद्र त्याच्यापुरता कधी वर्ज्य नव्हता आणि कधी विरंगुळाही नव्हता. तलासरीच्या बाजूला तर याहून दारुण इतिहास आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा वारली त्याचा लग्नगडी होई, आणि नवरा-बायको दोघांचेही श्रम त्या कर्जापायी गहाण पडत. त्यांच्या सहजीवनाचा आरंभच दास्याने होई. १९४५ साली झरीला एकत्र जमून वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला, त्यामागे गोदावरी व शामराव परुळेकर हे दांपत्य उभे होते. उभयतांनी मिळून घर सोडून बाहेर पडण्याचा, याच मुलखात घडलेला, तो एक थोर प्रकार होय, आणि आमची होडी त्याच्या पासंगासही पुरणार नाही.

म्हणून वानप्रस्थाचा आणखी एक नियम मला पाण्यावर लागू करावासा वाटतो. नांगरलेल्या जमिनीतले धान्य वानप्रस्थाने खाऊ नये, असे मनु सांगतो. म्हणजे जेथे दुसऱ्याचे श्रम पडले आहेत तेथे आपला हक्क सांगू नये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने समुद्रात लावलेल्या जाळ्यांपासून आपली होडी दूर ठेवावी, मासळी घेऊन परतणाऱ्या नावेला खाडीच्या तोंडाशी आधी वाट द्यावी, आणि शिकविणाऱ्या तांडेलाला त्याच्या बुडालेल्या दिवसाची पुरी मजुरी द्यावी. आणि डहाणूजवळच्या वाढवणच्या ज्या पाण्यावर आता मोठे बंदर व्हावयाचे आहे, तेथील मच्छीमार आपली समुद्रावरची वहिवाट राखण्यासाठी आर्जव करू लागले, तर आयुष्यभर कचेरीत अर्ज लिहिण्यात व वाचण्यात गेलेल्या माणसाने निवृत्तीचे निमित्त सांगू नये. त्यांचा अर्ज लिहून द्यावा.