जामठा कोणाला दूर?

विदर्भ क्रिकेट संघटनेने २००८ मध्ये कसोटी क्रिकेट सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरून वर्धा रोडवर जामठ्याला नेले. तेव्हापासून नागपूरकर प्रेक्षकाची तक्रार एकच: मैदान गावाबाहेर गेले. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा प्रेक्षक त्याला विचारील, कोणत्या गावाबाहेर? महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी असे येणाऱ्याला जामठा आधी लागतो, सिव्हिल लाइन्स नंतर. संघटना अकरा जिल्ह्यांची, मग मैदान नागपूरच्या मध्यावरच हवे हा हट्ट एका शहराचा झाला. नागपूरकर म्हणेल, अंतराचे सोडा, आठवणींचे काय? १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतक, दोन्ही एकाच दिवशी जुन्या मैदानावरच झाली. खरे आहे. पण १९९५ मध्ये सामन्यादरम्यान भिंत कोसळून प्रेक्षक दगावले, तेही तिथेच. आठवणींचा हिशेब मांडायचा तर ही नोंद खोडता येत नाही. शिवाय जुने मैदान कोणी पाडलेले नाही; रणजीचे सामने तिथे होत राहिले.

नागपूरकराचा खरा मुद्दा वेगळा आहे. जामठ्याची पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची अखेरची, तरी खुर्च्या रिकाम्या. यावर ‘लोकांना कसोटी नकोच’ हे उत्तर अर्धेच, कारण रात्रीच्या टी-ट्वेंटीला तोच जामठा भरतो. म्हणजे लोक जायला तयार असतात, फक्त एका संध्याकाळपुरते. पाच दिवस रोज हेलपाटा नको असतो. आणि इथेच फुलसावंगीकराचा युक्तिवादही लंगडा पडतो. सकाळी जामठा त्याच्या वाटेवर असेल, पण रात्री दहानंतर सामना सुटल्यावर स्वतःची गाडी नसलेल्याने यवतमाळ गाठायचे कसे, आणि तिथून पुढे? दोघांचेही दुखणे परतीचे आहे. जर्मनीतला फुटबॉल क्लब बायर्न म्युनिक २००५ मध्ये शहराच्या उत्तर टोकाला गेला, तेव्हा तिथे भुयारी रेल्वेचे स्टेशन आधीपासून होते. स्टेडियमसाठी ते वाढवले गेले. आपल्याकडे स्टेडियम २००८ चे, मेट्रो २०१९ ची, तीही जामठ्याच्या अलीकडे खापरीपर्यंत. जागा निवडणे हा संघटनेचा अधिकार मानला, तरी प्रेक्षकाची परतीची सोय हा तिच्या मेहेरबानीचा विषय राहत नाही. तिकीट विकले की ती जबाबदारी येतेच. ‘एसटी आमच्या हातात नाही’ हे उत्तर चालणार नाही. सामन्याची वेळ ठरते तेव्हा शेवटच्या बसची वेळ विचारायला कोणाची परवानगी लागते?