कैसराचें नाणें आणि सेवाग्रामची ज्वारी

वाचावयाचा भाग : मार्क १२:१३–१७



गेल्या सुगीनंतर आम्ही देवळी तालुक्यांतील एका लहानशा मंडळीच्या भेटीस गेलों होतों. उपासना आटोपल्यावर एका वृद्ध भगिनीच्या घरीं गेलों. तिच्या पायाची जखम चिघळली होती. तरी ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाण्यास राजी नव्हती. कारण विचारतां ती म्हणाली, "पाळकसाहेब, आमी मजूर मानसं. सरकारात एक पैसा भरत नाही. फुकटचं औषध कोन्या तोंडानं मांगू?" तिचा पुतण्या शेजारींच उभा होता. त्याचें दहा एकर कोरडवाहू शेत आहे. तो म्हणाला, "काकू भरत नाही, पन मी भरतो. शाळेत मास्तर नाही, मंग घरपट्टी कायले भरू?"

त्या दिवशीं आम्हांस नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा यत्न करितों.

परूशी व हेरोदी यांनीं प्रभूस जो प्रश्न केला त्यांत कर "देणें" असा साधा शब्द आहे. प्रभूनें उत्तर देतांना मात्र मूळ ग्रीक भाषेंत निराळें क्रियापद योजिलें. त्याचा अर्थ "परत देणें", "फेडणें" असा होतो. दीनार त्याच्याजवळ नव्हता, तो त्यानें मागवून घेतला. विचारणारांच्या कमरेस मात्र तो होता. ज्याच्या नाण्यानें तुम्ही बाजार करितां, त्याचें कांहीं देणें तुमच्या माथ्यावर आहेच, असा त्यांतील भाव आम्हांस दिसतो. आणि तो कैसर तर परकी होता; त्या करांतून गालीलांतील गरिबांच्या लेंकरांकरितां शाळा चालत होती असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां त्या भगिनीविषयीं. ती एक पैसाही भरीत नाहीं, हें खरें आहे काय? ती साबणाची वडी घेते, चहाची पुडी घेते, मोबाइलांत पैसे टाकते. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. तो दुकानदार भरतो, परंतु वसूल होतो गिऱ्हाइकाकडून. प्राप्तिकरावर शिक्षण व आरोग्य यांकरितां २०१८ पासून चार टक्के उपकर घेतात. तो देणारे आपल्या मंडळ्यांत थोडे. साबणावरील कर देणारे सर्वच आहेत. हीच गोष्ट जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडिली होती, कीं सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या या मनुष्याचें म्हणणें आपल्या लोकांनीं विसरूं नये. मलमपट्टीच्या रांगेंत उभी राहणारी मजूर स्त्री भीक मागत नसते. तिनें वर्षभर पुडीपुडीनें जें भरिलें तेंच ती घेत असते.

वर्ध्यास हा विषय नवा नाहीं. २२ व २३ आक्टोबर १९३७ रोजीं येथें शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्षस्थानीं होते व पुढें झाकीर हुसेन यांच्या समितीनें आराखडा तयार केला. त्या वेळीं प्रांतांच्या शाळा बऱ्याच अंशीं दारूच्या उत्पन्नावर चालत, आणि बापाला पाजून मुलाला शिकवावयाचें हें गांधीजींस असह्य होतें. त्यांचा उपाय असा, कीं मुलांच्या हस्तव्यवसायांतून शिक्षकाचा खर्च निघावा. हा उपाय आम्हांस पटत नाहीं. लेंकराच्या टकळीवर मास्तरांचें पोट चालूं नये. तो भार मोठ्यांनीं उचलावा. परंतु त्यांचा प्रश्न खराच होता, व तो संपलेला नाहीं. आपल्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. पण शेजारच्या नागपुरांत विकल्या जाणाऱ्या दारूचा कर ज्या तिजोरींत पडतो, तिच्यांतूनच आपल्या शाळांसही पैसा येतो. आपले हात अगदीं स्वच्छ आहेत असें आपण समजूं नये.

आम्हांस अधिक आवडणारें उदाहरण सेवाग्रामचें आहे. तेथें १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच्या खर्चाचा मोठा वांटा केंद्र व राज्य सरकारें देतात. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनीं आसपासच्या खेड्यांत अशी योजना चालविली, कीं सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें ज्वारी द्यावी व त्या बळावर इस्पितळांत उपचार मिळावा. जमीनवाल्यानें एकरांच्या मानानें अधिक द्यावी, भूमिहीनानें थोडी. आणि गांवांतील बहुतेक गरीब घरें सामील झाल्यावांचून गांव घ्यावयाचें नाहीं. आजारी पडल्यावर मात्र कोणाची ज्वारी किती हें कोणी पाहूं नये. आतां आपल्याकडे ज्वारीचा पेरा घटून सोयाबीन वाढलें आहे, तरी कराचा खरा अर्थ समजावयास ती पायली आम्हांस मोठमोठ्या ग्रंथांहून बरी वाटते. मजुराच्या त्या थोड्या ज्वारीमुळें तो इस्पितळांत ताठ मानेनें शिरत असे.

पुतण्याच्या बोलण्यांतही सत्य होतें. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें जकातदारांस धंदा सोडा असें सांगितलें नाहीं. ठरल्यापेक्षां अधिक घेऊं नका असें सांगितलें. नहेम्याच्या दिवसांत राजाचा कर भरण्याकरितां लोकांनीं शेतें गहाण टाकिलीं, तेव्हां त्या अधिपतीनें स्वतःचा भत्ता घेतला नाहीं. घेणाऱ्यानें हिशेब दिला पाहिजे. परंतु हिशेब मागण्याचा अधिकार पट्टी बुडविणाऱ्यास कोठून येणार? ज्यानें भरिली नाहीं, तो ग्रामसभेंत उभा राहून बोलूं लागला, कीं सरपंच प्रथम थकबाकीची यादीच काढतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

येथें आम्हांस स्वतःविषयीं सांगणें भाग आहे. आमच्या राहत्या घराच्या मागें टिनाची पडवी आहे. घरपट्टीकरितां माप घेण्यास मनुष्य आला, तेव्हां त्यानें पुढूनच टेप धरिली आणि आम्ही गप्प राहिलों. तीन वर्षें ती पडवी कागदावर नव्हती. त्याच महिन्यांत आम्हीं दशांशावर उपदेश केला होता. पुतण्यास उत्तर देतांना आमची जीभ कां अडखळली, तें आतां तुमच्या ध्यानांत आलें असेल.

पुढच्या सोमवारीं आम्हीं ग्रामपंचायतीच्या सचिवांकडे जाऊन माप लिहून दिलें. ते प्रथम हंसले. मग त्यांनीं आम्हांस चहा दिला. पट्टी फारशी वाढली नाहीं.

ती भगिनी आतां पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून केंद्रांत जाते. शासनाच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य करण्याची योजना १५ ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाली, हें तिला वाचून दाखवावें लागलें. जखम भरत आली आहे. मास्तरांच्या रिकाम्या जागेविषयींचा अर्जही आम्हीं लिहून दिला आहे. त्यावर पुतण्याची सही मात्र अद्याप व्हावयाची आहे.