चोरीची जास्वंद

सकाळी सहाच्या सुमाराला गोरेगावात, पश्चिमेला जवाहर नगरात म्हणा की पूर्वेला आरे रोडवर, एक काका हमखास दिसतात. पायात बूट, हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यातून डोकावणारी आकड्याची काठी. सोसायटीच्या भिंतीबाहेर झुकलेली जास्वंदीची फांदी आकड्याने खाली येते, दोन लाल फुलं पिशवीत जातात, फांदी झटक्यात वर. वॉचमन पाहून न पाहिल्यासारखं करतो. अंगारकी असली तर उशिरा निघणाऱ्याच्या वाट्याला नुसती पानं.

चोरलेलं फूल देवाला चालतं का, हा प्रश्न घरोघरी चेष्टेत निघतो आणि चेष्टेतच विरतो. शास्त्रकारांनी मात्र त्यावर डोकं चालवलेलं आहे. गौतम धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेली-झाडांची फुलं आपलीच समजून घ्यायला मोकळीक आहे. फळांना तेवढी अट, झाडाला कुंपण नसावं. मनुस्मृतीही झाडाची मुळं-फळं, अग्नीचं लाकूड आणि गाईचा चारा चोरीतून वगळते. म्हणजे काकांच्या बाजूने धर्मशास्त्र, आणि वॉचमनच्या बाजूने फक्त सोसायटीची नोटीस!

त्याच इमारतीतल्या जैन बिऱ्हाडात मात्र हा निकाल टिकत नाही. तिथे चोरीसाठी शब्दच आहे ‘अदत्तादान’, म्हणजे न दिलेलं घेणं. त्याच्या प्रकारांत ‘स्वामी-अदत्त’ आहे, मालकाने न दिलेलं. आणि ‘जीव-अदत्त’ही आहे. मालकाने ‘घ्या हो खुशाल’ म्हटलं, तरी ज्याचा जीव त्याने कुठे दिला? वनस्पती हा एकेंद्रिय जीव. तेव्हा सेक्रेटरीची परवानगी काढून प्रश्न अर्धाच सुटतो.

फुलाचं प्रकरण निदान संध्याकाळपर्यंत मिटतं. जास्वंदीचं फूल बहुधा एका दिवसाचं, उद्या निर्माल्य. खरा पेच पडतो तो कुणी फुलाऐवजी शेजारणीच्या जास्वंदीची फांदीच मोडून नेली की.

आपल्याकडची बागेतली जास्वंद बी क्वचितच धरते. ती पसरते फांदीने, म्हणजे या हातातून त्या हातात. पावसाळा लागला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी डोळ्याच्या जरा खाली तिरकी कापायची. काप बोटाला बुळबुळीत लागतो. खालची पानं काढायची, वरची एक-दोन अर्धी करायची, रेतीमिश्रित मातीत दोन डोळे पुरतील इतकी खोचायची आणि सावलीत ठेवून वर पाण्याची कापलेली बाटली पालथी घालायची. उलटी खोचली तर सहसा जगत नाही. वाढीचं रसायन, ऑक्सिन, शेंड्याकडून बुडाकडे उतरून कापाशी साठतं आणि मुळं तिथेच फुटतात. मातीतल्या अंधारातही फांदी आपला वर-खाल विसरत नाही. महिनाभरात नवा कोंब दिसला की म्हणायचं, धरली.

आता ही जी धरली, ती कोण? शेजारणीच्या जास्वंदीची लेक म्हणावी, तर मधे ना बी, ना जन्म. तीच म्हणावी, तर शेजारणीची अख्खी जास्वंद तिच्या दारात आहेच, छाटल्यामुळे उलट जास्त फुटलेली. चोरी झाली आणि गेलं काहीच नाही.

असा वकिली बचाव ‘मिलिंदपञ्हा’त आधीच येऊन गेला आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा हा संवाद. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयाचं आणि नागसेनवन परिसराचं नाव याच जोडीवरून आलं. पुनर्जन्म घेणारा तोच नसेल, तर त्याने आधीच्याची पापं का फेडावीत, असं राजा विचारतो. नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. चोर म्हणतो, यांनी लावलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे. माझा गुन्हा काय? राजा स्वतःच निकाल देतो : गुन्हा आहे, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच झाले. तोच नाही, पण तुटलेलाही नाही. हा निकाल बीपेक्षा फांदीला जास्त चपखल बसतो, कारण फांदीच्या बाबतीत धागा क्षणभरही तुटत नाही. ‘तीच’ म्हणायला मात्र जीव कचरतो. लाल जास्वंदीच्या एखाद्याच फांदीला कधीकधी भलत्याच रंगाचं फूल येतं, आणि ती फांदी लावली की तोच रंग पुढे चालतो. एका झाडात किती झाडं, कोण सांगणार?

फांदीतून झाड पुढे नेण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण बौद्ध परंपरेतच आहे. सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तिथल्याच फांद्यांपासूनचा, भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेला. नमस्कार करणारा ‘हा तोच का’ असं विचारत नाही. पण श्रीलंकेचा जुना इतिवृत्तग्रंथ महावंस एक बारीक गोष्ट नोंदवतो. बोधिवृक्षाला शस्त्र लावायचं कसं, याचा अशोकाला घोर लागला होता. अखेर त्याने फांदीवर लाल मनशिळेच्या रंगाने रेघ ओढली आणि फांदी आपली आपण सुटली. कथा खरी माना की न माना. ‘जीव-अदत्त’ची अडचण ती ओळखून आहे. तिथे झाडाने दिलं, मग माणसाने घेतलं.

गोरेगावात याच्या नेमकं उलट मानतात. मनी प्लांट म्हणे चोरूनच लावावा, मागून आणला तर लाभत नाही. मागायची लाज झाकायला काढलेली ही सोय असावी.

या हिशेबाचं दुसरं टोक पुनर्विकासात दिसतो. समजा, शेजारणीची चाळ पडली, जेसीबीखाली जास्वंद गेली, आणि भाड्याच्या घराच्या ग्रिलमध्ये तिला पुन्हा तीच हवी झाली. ‘ती’ आता एकाच ठिकाणी आहे : तिच्या दारातून कधीतरी फांदी नेऊन लावणाऱ्या आकडेवाल्या काकांच्या कंपाउंडात, भिंतीबाहेर झुकलेली. सकाळचे सहा वाजलेत, पर्समध्ये कात्री आहे, आणि वॉचमन तिला ओळखत नाही.