नजरेआड झालेला कचरा

१९९८ साली पॅसिफिक महासागरातील मरियाना गर्तेत, १०,८९८ मीटर खोलीवर, जपानच्या सागर-संशोधकांना प्लास्टिकची एक पिशवी आढळली. सूर्यकिरण जिथे पोहोचत नाही, तिथे माणसाची पिशवी पोहोचली होती. त्यांच्या नोंदींवरील २०१८च्या अभ्यासानुसार समुद्रतळाच्या प्लास्टिकपैकी ८९ टक्के वस्तू एकदाच वापरून फेकलेल्या होत्या. नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात असा हा प्रवास असतो. काही कचरा जहाजांवरूनही पडतो. मग दोष कोणाचा? प्रत्येकाचा वाटा इतका लहान, की कोणालाच अपराधी वाटत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर नेमके बोट ठेवले. पिशवी हातातून सुटली तरी तिची जबाबदारी सुटत नाही, हे मुलांना घरातच शिकवावयास हवे.